खळग्यातली ऊब

केंब्रिज, ९ जानेवारी २०२५

साकेत,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग पुसलं. दोन वर्षं एक शब्द नाही आणि एकदम प्रिय कसलं!

हे मराठीत लिहितेय त्याला कारण आहे. तुमच्या कॅम्पला सॅटेलाइट मेल एकच, तोही चौघांचा. जो आधी उघडेल तो सगळ्यांचं वाचणार. आपले तमाशे रोरीला आणि उरलेल्या दोघांना कळायला नकोत. देवनागरी वाचताना तुझा घाम निघतो हे मला माहीत आहे. आईच्या रविवारच्या मराठी वर्गात टेबलाखाली बसून क्रिस्प्स खायचास, आता भोग. पण शेवटपर्यंत वाच.

मुद्दा एकच आहे. तंबू तिथून हलव.

मर्डो बेटावर मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, पण गेली सात वर्षं मी ते उपग्रहातून, वरून बघते आहे. माझी नोकरीच ती. समुद्रातून वर आलेला एकच डोंगर, अर्धा बर्फाखाली, अर्धा काळ्या राखेखाली, आणि शेंड्यावरच्या तोंडात लाव्हा रटरटतोय. सगळे त्या तोंडाकडे बघतात. मला त्याची भीती वाटत नाही, ते कायमच उघडं असतं. मला काळजी आहे ती उत्तरेच्या उताराची, खाली किनाऱ्याजवळ, ज्या खळग्यात तुम्ही राहताय. नोव्हेंबरपासून ढग जेव्हा जेव्हा बाजूला झाले तेव्हा तेव्हा तिथली जमीन आधीपेक्षा गरम दिसली आहे.

आणि तू आईला काय लिहितोस? 'इथे बर्फ सगळा वितळला, माझा पाठ मस्त शेकतो, तुझा हॉट वॉटर बॉटल नको.' आई फोनवर वाचून दाखवते आणि 'माझा पाठ' आलं की हसत सुटते. मला नाही हसू आलं.

पेंग्विनना ती ऊब हवी असते, हे तूच मला शिकवलंस. बर्फ लवकर जातो, अंडी कोरडी राहतात, म्हणून हनुवटीखाली काळी रेघ असलेले तुझे ते लाडके पक्षी नेमके ज्वालामुखीच्या अंगावर येऊन बसतात. तू ती ऊब त्यांच्या बाजूने बघतोस. मी डोंगराच्या बाजूने बघते. खालून काहीतरी वर येतंय.

आता तू काय म्हणणार तेही सांगते. मागच्या खेपेला माझ्या रिपोर्टवरून तुमची मोहीम रद्द झाली आणि डोंगर ढिम्म हलला नाही. तुझी तीन वर्षांची तयारी पाण्यात गेली. आई दुकानात गेली होती तेव्हा तिच्याच किचनमध्ये, सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणालास, 'ताई, तुला माझं चांगलं बघवत नाही.' तेव्हा समोर जे दिसत होतं त्यावरून मी लिहिलं. मी माफी मागणार नाही. तूही मागू नकोस. फक्त त्या खळग्यातून निघ आणि वरच्या धारेवर तंबू लाव. वारा झोंबेल. झोंबू दे.

आईला यातलं काही कळता कामा नये. तिच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. आपल्या दोघांत तेवढा एक करार अजून शिल्लक आहे.

देविका


केंब्रिज, १३ जानेवारी

साकेत,

मला उत्तर नाही. आईला मात्र लिहिलंस, 'ताईला सांग, कॉम्प्युटर बंद कर आणि बाहेर फिरून ये.' आई बिचारी खूश! म्हणाली, "बघ, तुझी आठवण काढली त्याने." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! पण आईपुढे हसले.

काल पुन्हा ढग फाटले. गरम पट्टा आता तुमच्या खळग्याला वेढून समुद्रापर्यंत गेलाय. शिवाय रडारवर तो उतार किंचित फुगलेला दिसतोय. भाकरी तव्यावर फुगायच्या आधी एका कडेने उचलते ना, तेवढाच. पण उचललाय.

मी हेलनकडे, माझ्या बॉसकडे गेले. तिने तासभर ऐकून घेतलं आणि रिपोर्टात लिहिलं, 'शिखरावर नेहमीसारखं, उत्तर उतारावर लक्ष ठेवावे.' लक्ष ठेवावे म्हणजे काय, डोंबल? मागच्या वेळी दुधाने तोंड पोळलंय, आता सगळे ताक फुंकून पितायत. वर मला बजावलं, कॅम्पला थेट काही कळवायचं नाही, जे जाईल ते मोहिमेच्या ऑफिसमधून जाईल. तिथून निघायचं की नाही, हे ठरवणार कॅम्पचा प्रमुख. म्हणजे तू.

म्हणून तुला पुन्हा लिहिते आहे, हेलनच्या नकळत. तुमची नौका तेवीस तारखेला शेजारच्या बेटावरची माणसं घ्यायला मर्डोजवळून जाणार आहे. तू रेडिओवर एक शब्द बोललास तर ती थांबेल. नाही बोललास तर एकदम फेब्रुवारीअखेर.

माझ्यावर वाटेल तितका राग धर. घरी येऊन धर.

देविका


मिल्टन कीन्स, १५ जानेवारी

साकेत,

काल संक्रांतीचा तू आईला सॅटेलाइट फोन केलास तेव्हा मी तिच्यासमोर बसले होते. आईने फोन स्पीकरवर टाकला होता आणि मी तिला हाताने खूण केली की मी आहे म्हणून सांगू नकोस. दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला. बसलाय रे तुझा आवाज.

आईने 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हटलं आणि तू सुरू झालास. किती गोड बोलशील! ऊब मस्त आहे. सकाळी सगळ्यांचं डोकं जरा जड असतं, पण चहा झाला की बरं वाटतं. स्टोव्ह सकाळी रुसतो, तंबूतल्या त्याच्या खड्ड्यात पेटतच नाही, म्हणून रोरी बाहेर दगडावर नेऊन पेटवतो. थोडी पिल्लं मेली, पण निसर्गात असं होतंच, आई, काळजी नको. आई म्हणाली, "बाबा आठवले रे. मोठ्या ऑपरेशनहून आले तरी मला म्हणायचे, आज फारसं काही काम नव्हतं." तू हसलास. बाबा जाऊन पाच वर्षं झाली आणि त्यांची ती खोड तू उचललीस.

फोन ठेवून आम्ही गुळपोळी खायला बसलो आणि तेवढ्यात हेलनचा मेसेज आला. तुमच्या कॅम्पवर बर्ड फ्लूचा संशय. खळग्यात पिल्लं मेली आहेत आणि त्यांचे लचके तोडायला आलेले ते दरोडेखोर तपकिरी पक्षी, स्कुआ, तेही तिथेच मरून पडलेत. कॅम्पप्रमुखांनी नौकेला जवळ येऊ नका म्हणून कळवलंय. रोग आपल्या बुटांवरून दुसऱ्या बेटावर जाऊ नये म्हणून चौघं आहेत तिथेच राहणार.

मी मेसेज दोनदा वाचला. आई म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हटलं, ऑफिसचं. आणि आणखी तूप मागून घेतलं.

तू बरोबर केलंस, हे तुला सांगायला हवं. त्या रोगाने दक्षिणेतल्या बेटांवर केवढं नुकसान केलंय हे मलाही माहीत आहे. तू गाढव आहेस, पण प्रामाणिक गाढव. मला तुझा अभिमान वाटला. आता तू नौका बोलावणार नाहीस. आणि जमीन तापते आहे.

निदान धारेवर तरी जा. फ्लूची बंधनं तिथेही पाळता येतील.

ताई


केंब्रिज, १७ जानेवारी

साकेत, आता हे नीट वाच. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच. तोच मजकूर इंग्लिशमध्ये चौघांच्या नावाने वेगळा पाठवलाय. हेलनला कळलं तर नोकरी जाईल, जाऊ दे.

हा फ्लू नाही.

हे मला सुचलं नाही. आईला सुचलं. सकाळी तिचा फोन आला. "देवू, त्याचं ते डोकं जड असणं माझ्या मनातून जात नाहीये. चौघांचं? एकाच वेळी? सकाळी दुखतं आणि तंबूबाहेर पडलं की उतरतं?" मी म्हटलं, थकवा असेल. तर म्हणाली, "मला थकवा शिकवू नकोस. तीस वर्षं कॅज्युअल्टीत काढली मी. दर थंडीत एखादं अख्खं घरच्या घर यायचं, आई, बाप, पोरं, सगळ्यांची डोकी सकाळी दुखतायत, सगळ्यांना फ्लू झालाय. फ्लू कसला! बॉयलर बिघडून घरात विषारी वायू भरलेला असायचा. तिथे बॉयलर आहे का?"

बॉयलर! आहे आई, म्हटलं, डोंगराएवढा आहे.

आणि मग मी तिला सगळं सांगितलं. करार मोडला. गरम पट्टा, फुगलेला उतार, पिल्लं, नौका, सगळं. मला वाटलं तिला खुर्चीत बसवायला हवं, शेजारच्या वैजयंतीकाकूंना फोन करून पाठवायला हवं. तर ती कडाडली, "मला तुम्ही दोघं काय लोणच्याची बरणी समजता? उंच फळीवर ठेवली आणि झालं? आठवडाभर आधी सांगितलं असतंत तर आठवडाभर आधी विचारलं असतं!" मग लागलीच प्रश्न. मेलेले पक्षी कुठे पडलेत? आजारी असे किती दिसले? थरथरणारे, मान टाकलेले?

तू ऑफिसला पाठवलेल्या निरोपात आहे की आजारी एकही दिसला नाही, थेट मेलेलेच सापडले, आणि तेही फक्त खळग्यात. वरच्या धारेवरची वस्ती ठणठणीत. साकेत, रोग असा खळगा बघून येत नाही. वायू येतो.

जमिनीतून कार्बन डायऑक्साइड झिरपतोय. रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा जड, म्हणून वारा पडला की पाण्यासारखा सखल जागी साचतो. तुझा स्टोव्ह रुसत नाहीये. त्याच्या खड्ड्यात तो वायू भरलेला असतो आणि ज्योत विझते. घरट्यात बसलेल्या पेंग्विनचं नाक जमिनीपासून वीतभर, पिल्लाचं त्याहून खाली. तुमच्या गाद्या खड्ड्याच्या काठाशीच आहेत ना? आत्ता तुमची नुसती डोकी दुखतायत. वारा पूर्ण पडला त्या दिवशी गाद्यांपर्यंत येईल, आणि तुम्ही झोपेतून उठणार नाही.

तुझा माझ्यावर विश्वास नाही. ठेवू नकोस. पेटता लायटर काठीला बांध आणि वारा पडलेला असेल तेव्हा खळग्याच्या काठावरून हळूहळू खाली सोड. विझला तर तुझ्या डोळ्यांनी बघशील.

सगळे वर जा, आत्ताच. सामान राहू दे. पुन्हा कोणी खाली उतरायचं नाही, आणि मूर्खपणा करून उतरलाच तर कंबरेला दोर बांधून, दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. हे रोरीलाही लिहिलंय, कारण तुझा भरवसा नाही.

आईनेही तुला लिहिलंय. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

ताई


केंब्रिज, १९ जानेवारी

साकेत,

कालचा दिवस गेला, आज दुपार झाली. तुझा मेल नाही, रोरीचा नाही, फोन लागत नाही, ऑफिसलाही रोजचा रेडिओ कॉल आला नाही. अँटेना वाऱ्याने पडली असेल, म्हणतात. मी हवामान बघितलं. मर्डोवर काल सकाळपासून वाराच नाही.

आई इथे आलीय. मिल्टन कीन्सहून एकटी गाडी चालवत आली आणि तेव्हापासून माझा ओव्हन घासतेय. मी म्हटलं बस गं जरा, तर म्हणे, "बसले की विचार येतात." मध्येच म्हणाली, "तुम्ही भांडलात ते मला त्याच दिवशी कळलं होतं. वाट बघत होते, कोण आधी सांगतंय." दोन वर्षं आपण दोघं तिच्यापुढे गोड नाटक करत होतो आणि ती दोन वर्षं ते बघत होती! जळलं मेलं आपलं लक्षण.

हेलनला कळलं. सोमवारी मीटिंग आहे. तिने एकच विचारलं, "तुला खात्री आहे?" मी म्हटलं नाही. खात्री असती तर रडत बसले नसते. नौकेला मात्र तिने स्वतः फोन केला, मर्डोजवळ थांबा म्हणून. तेवढं माणूसपण आहे तिच्यात.

माझं चुकलेलं असू दे. खळग्यात काही नसू दे, तू तंबूत बसून माझ्या नावाने बोटं मोडत असू दे. पुन्हा लांडगा आला रे म्हणून सगळ्या जगाने मला हसू दे. मी चालवून घेईन.

काहीतरी लिही. शिवी लिही.

ताई


केंब्रिज, २२ जानेवारी

प्रिय साकेत,

तुझा मेल काल आला. घाईत वर नेताना अँटेना मोडली आणि ती जोडायला इतके दिवस गेले म्हणे. आई आणि मी एकमेकींच्या डोक्याला डोकं लावून वाचला. रोमन लिपीतली तुझी मराठी, सगळी लिंगं उलटीपालटी, आणि आई एकदाही हसली नाही.

आधी रोरीला माझ्यातर्फे मिठी मार. लायटर गुडघ्याच्या उंचीवर विझला हे तू डोळ्यांनी बघितलंस. चौघं वर गेलात. आणि तरी दुसऱ्या दिवशी तू खाली उतरलास! फ्लूच्या तपासणीचे नमुने आणायला! फ्लू नव्हता हे कळल्यावर फ्लूचे नमुने! 'डेटा राहिला होता' म्हणतोस. अरे, अतिशहाण्या, दोर रोरीने जबरदस्तीने बांधला म्हणून वाचलास. तू खाली वाकलास, गुडघे गेले, आणि त्याने तुला ओढून काढलं. हे वाचताना आई उठून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू होता. हे मी तुला सांगतेय, कारण यापुढे या घरात कोणी कोणापासून काही लपवायचं नाही असं तिने जाहीर केलंय.

'ताई, तू बरोबर होतीस' लिहिलंस. मी बरोबर नव्हते. मी डोंगर फुटेल म्हणून घाबरले होते, तो फुटलेला नाही, कदाचित फुटणारही नाही. आईने विचारलं नसतं तर मी अजून रडारकडेच बघत बसले असते. आणि दोन वर्षांपूर्वीचं विचारशील तर मला आजही माहीत नाही. तुझी तीन वर्षं मात्र खरंच गेली. ती गेल्याचं मला तेव्हाही वाईट वाटत होतं. ते म्हणायला हवं होतं, नाही म्हटलं.

आता तुझा प्रश्न. तू लिहिलंस, 'आम्ही वरून बघतो. ते रोज खाली जातात. मी ओरडतो, हात हलवतो, दगड वाजवतो. पिल्लू मरतो आणि त्याचा आई तिथेच बसतो. मग तो पण झोपतो. ताई, का जातात ते? तू सांग.'

खाली ऊब आहे म्हणून जातात. त्यांचं घरटं तिथे आहे, बर्फ नाही, खडे कोरडे आहेत, आणि आजवर ती जागा चांगलीच होती. तुझ्यासारखीच त्यांचीही पाठ शेकते. त्यांच्यात कोणाला काही समजत नाही म्हणून नाही रे. धोका अंगाला जाणवतच नाही, तर ती काय करणार? तू हजार पेंग्विन उचलून वर नेलेस तरी संध्याकाळी परत खाली जातील. तुला काही करता येणार नाही आणि ते बघत बसणं हे तुझं काम नाही. तोंड फिरवून बस. धारेवरच्या वस्तीत पिल्लं आहेत, ती मोज.

नौका उद्या सकाळी पोचेल. हेलनने मला नोकरीवरून काढलेलं नाही, फक्त खूप बोलली. आईला तू आलास की स्वतः तपासायचंय, तिला बाहेरच्या कुठल्या डॉक्टरचा भरवसा नाही. मी तुझ्यासाठी काहीही केलेलं नाही, स्वयंपाक तर मुळीच नाही.

तू लिहिलंस, घरी आल्यावर भांडायचं नाही. का नाही? ये आणि भांड, साकेत. किचनमध्ये, सगळ्यांदेखत, मोठ्याने. दोन वर्षं मी एकटीच भांडतेय तुझ्याशी, रोज, गाडी चालवताना, भांडी घासताना, दोन्ही बाजूंनी मीच बोलते आणि तुझ्या बाजूचं मला नीट येत नाही.

तुझी,
ताई